बर्फाची साक्ष: कॅलॉरिकला हसण्यापूर्वी

१८३३ सालच्या सप्टेंबरात ‘टस्कनी’ नावाचे अमेरिकन जहाज हुगळीतून वर सरकत कलकत्त्याला पोहोचले. मे महिन्यात बॉस्टनहून निघताना त्याच्या पोटात १८० टन बर्फ भरलेला होता. प्रवास चार महिन्यांचा, विषुववृत्त दोनदा ओलांडलेले, आणि मुक्कामाला पोहोचलेले शहर बंगालच्या दमट उकाड्यातले. तरीही सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथेच फ्रेडरिक ट्युडरच्या जिद्दीकडे वळतात. ते गैर नाही. १८०६ मध्ये मार्तिनिकला पहिला बर्फ पाठवल्यापासून त्याने थट्टा सोसली, कर्ज सोसले, तुरुंगही पाहिला. फळ्यांच्या दुहेरी भिंती आणि त्यांच्या मध्ये कोरडा भुगा ही त्याची युक्तीही खरी. परंतु भुसा उष्णतेला फक्त उशीर करतो. तो तिला परत पाठवीत नाही. चार महिन्यांत जी उष्णता आत झिरपली, ती पचवली बर्फानेच.

एक किलो बर्फ शून्य अंशावर वितळवण्यासाठी लागणाऱ्या उष्णतेत एक किलो पाणी शून्यापासून सुमारे ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. निसर्गाने हा आकडा दहापट लहान ठेवला असता, तर ‘टस्कनी’ने कलकत्त्याला फक्त ओला भुसा पोहोचवला असता.

हा आकडा मोजला गेला ट्युडरच्या कितीतरी आधी, ग्लासगोमध्ये. मोजणाऱ्याला रेणू म्हणजे काय याची आजच्या अर्थाने कल्पना नव्हती, आणि त्या मोजमापावर पुढे जो सिद्धान्त पोसला गेला तो साफ चुकीचा निघाला. तो सिद्धान्त म्हणजे कॅलॉरिक: उष्णता हा एक अदृश्य, वजनरहित द्रव आहे हे मत. इतिहासाच्या लोकप्रिय कथनांत त्याची जागा ठरलेली आहे. एका बाजूला जुने खुळचट लोक, दुसऱ्या बाजूला रम्फर्ड आणि डेव्ही हे सत्यवादी वीर, आणि शेवटी सत्याचा विजय. या धाग्याचा दावा असा की ही मांडणी अन्यायाची आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे ती पुराव्याला धरून नाही. बर्फाच्या प्रश्नावर दीर्घकाळ अधिक भक्कम पुरावा कॅलॉरिकवाल्यांच्याच हाती होता.

ग्लासगोकडे परत जाऊ. साल १७६१-६२, प्राध्यापक जोसेफ ब्लॅक. त्या काळची सर्वमान्य समजूत अशी की बर्फ वितळण्याच्या अंशाला पोहोचला की आणखी थोडीशी उष्णता मिळताच तो सबंध पाणी होतो. ब्लॅकने या समजुतीला पहिला छेद दिला तो प्रयोगाने नव्हे, तर डोळ्यांसमोरच्या अनुभवाने. तसे असते तर दर वसंतात एका उबदार दुपारी डोंगरावरचे सारे बर्फ एकदम पाणी होऊन खाली कोसळले असते आणि दऱ्यांतली गावे दरवर्षी वाहून गेली असती. प्रत्यक्षात बर्फ आठवडेच्या आठवडे हळूहळू पाझरतो. म्हणजे वितळतानाच तो कुठेतरी खूप उष्णता गिळत असला पाहिजे.

मग प्रयोग. दोन सारख्या काचेच्या कुप्या घेतल्या, प्रत्येकीत पाच औंस पाणी. एकीतले गोठवले; दुसरीतले गोठणबिंदूच्या किंचित वर, ३३ अंश फॅरनहाइटवर आणले. दोन्ही कुप्या ४७ अंशांच्या एका मोठ्या, शांत दालनात टांगल्या. पाण्याची कुपी अर्ध्या तासात ४० अंशांवर आली. बर्फाच्या कुपीला तिथवर यायला साडेदहा तास लागले.

हिशेब एखाद्या किराणा दुकानदारालाही जमेल असा. अर्ध्या तासाला सात अंश या दराने एकवीस अर्ध्या तासांत १४७ अंशांइतकी उष्णता आत गेली. त्यातले आठ अंश तापमापकावर दिसले, कारण पाणी ३२ वरून ४० वर आले. उरलेले १३९ अंश गेले कुठे? ते तापमापकाला दिसले नाहीत, हाताला जाणवले नाहीत. ब्लॅकने दुसऱ्या मार्गानेही पडताळा घेतला. बर्फाचा तुकडा गरम पाण्यात टाकून मिश्रणाचे तापमान पाहिले, तेव्हा उत्तर १४३ आले. आजचा स्वीकृत आकडाही फॅरनहाइटच्या मापात सुमारे १४३ आहे. दोन काचेच्या कुप्या, एक तापमापक आणि एक थंड दालन एवढ्या भांडवलावर हे साधले.

या लपलेल्या उष्णतेला शालेय पुस्तकांतून ‘अप्रकट उष्मा’ म्हणतात. शब्द अचूक आहे. ब्लॅकला नेमके हेच म्हणायचे होते. विशेष म्हणजे उष्णता मुळात काय आहे, याविषयी वर्गात ठाम मत देण्याचे त्याने टाळले. त्याचे मोजमाप कोणत्याही मताच्या आधाराशिवाय उभे होते. त्याने ते स्वतः छापलेही नाही. १७९९ मध्ये तो वारल्यावर त्याची व्याख्याने १८०३ साली ग्रंथरूपाने आली. दरम्यान स्वीडनमध्ये योहान विल्के १७७२ मध्ये स्वतंत्रपणे त्याच शोधाला पोहोचला होता.

आता खरा प्रश्न. १७७० च्या दशकात हुशार माणसासमोर दोन पर्याय होते: उष्णता म्हणजे पदार्थाच्या कणांची हालचाल, किंवा उष्णता म्हणजे कणांमध्ये शिरणारा सूक्ष्म द्रव. पहिले मत जुने होते. बेकन, बॉइल, हूक यांच्यापासून चालत आलेले. तर मग शहाणे लोक दुसऱ्याकडे का वळले?

बर्फामुळे. उष्णता म्हणजे हालचाल असेल, तर उष्णता दिल्यावर हालचाल वाढली पाहिजे, आणि हालचाल वाढली तर तापमापक चढला पाहिजे. बर्फ तर दहा तास उष्णता घेत राहतो आणि तापमापक ढिम्म हलत नाही. गतीवाद्यांकडे याचे उत्तर नव्हते. उलट द्रववाद्यांचे उत्तर सरळ होते: हा द्रव बर्फाशी संयोग पावतो, जसे आम्ल क्षाराशी पावते. बर्फ अधिक कॅलॉरिक म्हणजे पाणी. संयोग पावलेला द्रव तापमापकाला जाणवत नाही. पाणी गोठताना तो जसाच्या तसा परत मिळतो. आणि तो खरोखरच मोजून तितकाच परत मिळत होता.

म्हणजे ज्या घटनेला आज रेणूंच्या गतीचे सुंदर उदाहरण म्हणून शिकवतात, तीच घटना तेव्हा गतीच्या मताविरुद्धची सर्वांत जड साक्ष होती. हे ध्यानात न घेता कॅलॉरिकवाल्यांना हसणे म्हणजे न्यायालयात अर्धी साक्ष ऐकून निकाल देणे होय.

१७८२-८३ च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी याच लपलेल्या उष्णतेचे मापयंत्र बनवले. मध्ये जाळीची पोकळी, तिच्याभोवती बर्फाचा थर, आणि त्याच्याही बाहेर खोलीची ऊब अडवणारा बर्फाचा दुसरा थर. आत जे काही उष्णता सोडील, त्याने आतला बर्फ वितळेल. ते पाणी तोटीने बाहेर येईल. ते तोलले की उष्णता मोजली गेली. या पोकळीत एक गिनी पिग ठेवला गेला. दहा तासांत त्याने तेरा औंस बर्फ वितळवला. तितकाच बर्फ वितळवताना जळलेल्या कोळशातून किती वायू निघतो याच्याशी प्राण्याच्या उच्छ्वासाची तुलना झाली आणि श्वसन हे मंद ज्वलन आहे, या निष्कर्षाला वजनदार आधार मिळाला. प्राणी सुखरूप राहिला. लाव्हाझिएचे नशीब तितके बरे नव्हते. १७९४ मध्ये गिलोटिनवर त्याचा शिरच्छेद झाला.

या दोघांच्या १७८३ च्या निबंधात एक गोष्ट अशी आहे, जी वीरकथा सांगणारे सहसा वगळतात. त्यात दोन्ही मते शेजारी शेजारी मांडली आहेत: उष्णता म्हणजे द्रव, आणि उष्णता म्हणजे कणांच्या अदृश्य हालचालींचे बळ. कोणते खरे याचा निवाडा लेखकांनी केला नाही. आपली मोजमापे दोन्हींत टिकतात एवढेच दाखवले. पुढे १७८९ मध्ये लाव्हाझिएने मूलद्रव्यांच्या यादीत प्रकाशाबरोबर कॅलॉरिकला बसवले, तेव्हा तो संयम सुटला. तोल सुटला तो इथे, १७८३ मध्ये नव्हे.

मग आले रम्फर्ड आणि डेव्ही. रम्फर्डने म्यूनिकच्या शस्त्रागारात तोफा कोरताना पाहिले की बोथट पोलाद फिरत राहिले की उष्णता निघतच राहते; अडीच तासांत भोवतालचे पाणी उकळले. १७९८ मध्ये त्याने रॉयल सोसायटीपुढे मुद्दा ठेवला की जी वस्तू न संपता निघत राहते ती द्रव कशी असेल. मुद्दा मार्मिक होता. (पुढे या गृहस्थाने लाव्हाझिएच्या विधवेशीच लग्न केले. तो संसार थोड्या वर्षांत मोडला. त्याचा दोष कॅलॉरिकवर मात्र टाकता येणार नाही.)

डेव्हीचा प्रयोग अधिक नाट्यमय, म्हणून अधिक प्रसिद्ध. वीस वर्षांच्या हंफ्री डेव्हीने १७९९ मध्ये छापले की त्याने बर्फाचे दोन तुकडे लोखंडी दांड्यांना तारेने बांधले, यंत्राने काही मिनिटे एकमेकांवर घासले आणि ते जवळजवळ संपूर्ण पाणी झाले. बर्फ २९ अंश फॅरनहाइटवर होता, पाणी ३५ अंशांवर आले. बाहेरून द्रव शिरलाच नाही, केवळ घर्षणाने बर्फ वितळला, म्हणजे कॅलॉरिक खोटे. कित्येक पाठ्यपुस्तकांनी ही कथा विश्वासाने पुढे नेली.

ब्लॅकचा आकडा हाती असेल तर या कथेकडे संशयाने पाहावे लागते. एक किलो बर्फ वितळवण्याला जेवढी ऊर्जा लागते, तेवढ्या ऊर्जेत एक किलो वजन सुमारे ३४ किलोमीटर उंच नेता येते. एव्हरेस्टच्या जवळपास चौपट. तुकडे छोटे असले तरी प्रमाण तेच राहते. आणि ही ऊर्जा पुरवायची कशाने? जगातल्या सर्वांत निसरड्या घन पदार्थांपैकी एकाच्या घर्षणाने, तेही काही मिनिटांत. १९३५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ अँड्रेड यांनी ‘नेचर’मध्ये या प्रयोगांची चिरफाड केली: डेव्हीच्या बर्फाला वितळवणारी उष्णता घर्षणाची असूच शकत नाही, ती भोवतालातूनच आली असली पाहिजे. डेव्हीचे मत बरोबर होते. त्याचा पुरावा नव्हता. स्वतः डेव्हीलाही नंतर आपल्या तरुणपणीच्या या लेखनाचा पश्चात्ताप झाला.

म्हणून १७९९ नंतरही अर्धशतक कॅलॉरिक टिकले, याचे कारण हटवादीपणा नव्हे. ते कामाचे होते. ध्वनीच्या वेगाचा न्यूटनचा आकडा प्रत्यक्षाहून कमी येत असे; तो दोष लाप्लासने १८१६ मध्ये दुरुस्त केला, तो कॅलॉरिकची भाषा बोलतच. सादी कार्नोने १८२४ मध्ये वाफयंत्रांचा जो सिद्धान्त मांडला, त्यात उष्णता वरच्या तापमानाकडून खालच्या तापमानाकडे पाणचक्कीवरच्या पाण्यासारखी पडते आणि वाटेत तिचा थेंबही हरवत नाही, हे गृहीतच होते.

आणि मग बर्फाविषयीचे एक भाकीत. पाणी गोठताना फुगते, त्यामुळे गोठणारे पाणी वजन उचलू शकते. शून्य अंशावरच पाणी गोठवत आणि वितळवत राहिले, तर तापमानाचा काहीही उतार नसताना फुकट काम मिळेल. कार्नोच्या नियमानुसार हे अशक्य. जेम्स थॉमसनने १८४९ मध्ये यावरून तर्क केला की दाबाखाली बर्फाचा द्रवणांक खाली सरकलाच पाहिजे, आणि किती तेही सांगितले: एका वातावरणाच्या दाबाला अंश सेल्सिअसचा ०.००७५ इतका भाग. हा फरक तोवर कोणी पाहिलाही नव्हता. पुढच्याच वर्षी त्याचा भाऊ विल्यम, म्हणजे भावी लॉर्ड केल्व्हिन, याने अतिसंवेदनशील तापमापक बनवून तो मोजला. भाकीत खरे ठरले. शाळेत पुनर्हिमायन शिकताना तार टांगून बर्फाची लादी कापली जाते आणि मागे पुन्हा सांधते, त्यामागे हाच परिणाम आहे. बर्फाविषयी एवढे नाजूक सत्य चुकीच्या मताच्या खांद्यावर बसून दिसले, हे वीरकथेत कुठे बसवायचे?

तरीही कॅलॉरिकची किंमत मोजावी लागली आणि ती कोणी मोजली हे सांगितल्याशिवाय हा पक्ष प्रामाणिक ठरणार नाही. उष्णता कधीच नष्ट होत नाही, हा त्या मताचा गाभा. त्यामुळे उष्णतेचे कामात आणि कामाचे उष्णतेत रूपांतर होते हे दिसेनासे झाले. १८४० च्या दशकात जूल पाण्यात वल्ही फिरवून नेमके हेच मोजत होता, तेव्हा त्याला ऐकणारे थोडे होते. कार्नोला स्वतःलाही आपल्या गृहीताविषयी शंका आली होती, पण ती टिपणे त्याच्या मृत्यूनंतर कित्येक दशकांनी छापली गेली.

सर्वांत जड किंमत मात्र मुंबईत मोजली गेली. जॉन जेम्स वॉटरस्टन हा स्कॉटिश अभियंता १८३९ पासून मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या नौदल कॅडेटांना शिकवीत होता. फावल्या वेळात त्याने एक निबंध लिहिला: वायूचे रेणू मुक्तपणे इतस्ततः धावतात, एकमेकांवर आणि भांड्याच्या भिंतींवर आदळतात; हे आदळणे म्हणजेच दाब, आणि त्यांच्या वेगाच्या वर्गाची सरासरी म्हणजेच तापमान. १८४५ मध्ये त्याने हा निबंध लंडनला रॉयल सोसायटीकडे पाठवला. एका परीक्षकाने तो निव्वळ मूर्खपणा ठरवला. निबंध सोसायटीच्या दप्तरात पडून राहिला आणि लेखकाने स्वतःकडे प्रत ठेवली नव्हती.

त्याच वर्षांत त्याच मुंबईत बॉस्टनहून आलेला बर्फ विकला जात होता. तापमानाचा खरा अर्थ कागदावर उतरवणारा माणूस आणि अमेरिकेतल्या तळ्यांवरून आलेला बर्फ एकाच शहरात होते, याची मुंबईच्या इतिहासप्रेमींत फारशी चर्चा होत नाही. शहराच्या वारसायात्रांत किल्ले, गिरण्या आणि बंगले असतात, वॉटरस्टन नसतो. १८५० च्या दशकाअखेर क्लॉसियस आणि मॅक्सवेल यांनी हीच कल्पना स्वतंत्रपणे मांडून कीर्ती मिळवली. लॉर्ड रॅले यांना तो जुना निबंध १८९१ मध्ये सापडला आणि १८९२ मध्ये तो छापला गेला. त्याआधीच, १८८३ मध्ये एके दिवशी वॉटरस्टन एडिनबरामधल्या घरातून बाहेर पडला होता आणि परतलाच नाही.

पण वॉटरस्टनला न्याय मिळूनही बर्फाचे कोडे सुटत नव्हते, कारण धावणारे रेणू तापमान समजावतात. न चढणारा तापमापक समजावत नाहीत. त्यासाठी रेणूंमधली ओढ लागते.

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एक अणू आणि त्याला कोनात चिकटलेले हायड्रोजनचे दोन. एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. हा हायड्रोजन बंध, ज्याची स्पष्ट मांडणी १९२० मध्ये लॅटिमर आणि रोडबुश यांनी केली. बर्फात प्रत्येक रेणू अशा बंधांनी नेमक्या चार शेजाऱ्यांना धरून असतो, आणि हे चार शेजारी चतुष्फलकाच्या चार टोकांवर असतात. त्यातून षटकोनी कड्यांची एक जाळी उभी राहते. जाळी भक्कम, पण आत मोकळ्या जागा खूप. म्हणून बर्फ पाण्याहून हलका आणि म्हणून तो तरंगतो.

थंड बर्फाला उष्णता दिली की हे रेणू जागच्या जागी अधिक जोराने थरथरतात. ही थरथर म्हणजे तापमान, तापमापक चढतो. शून्य अंशाला आल्यावर मात्र आत येणारी ऊर्जा थरथर वाढवण्यात जात नाही. ती रेणूंना त्यांच्या जागेवरून, शेजाऱ्यांच्या ओढीविरुद्ध, उपटून काढण्यात खर्ची पडते. दगड डोंगरावर चढवताना घाम गळतो, पण वर ठेवलेला दगड धावत नसतो. खर्च उंचीत जमा झालेला असतो. ब्लॅकचे हरवलेले १३९ अंश असेच जमा झाले होते. गतीवाद्यांना जे उत्तर शंभर वर्षे सापडत नव्हते ते हे: उष्णता ही ऊर्जा आहे, आणि ऊर्जा केवळ हालचालीत नव्हे तर जागेतही साठते. आणि गंमत अशी की ‘कणांमध्ये जाऊन बसणारे, परत मिळणारे काहीतरी’ हे कॅलॉरिकवाल्यांचे वर्णन या जमाखर्चाला बऱ्यापैकी लागू पडते. चूक होती ती त्या ‘काहीतरी’ला पदार्थ समजण्यात.

वितळताना सगळे बंध तुटतात, हीदेखील एक प्रचलित चूक आहे. बर्फाची थेट वाफ करायची तर रेणूंना पूर्ण सुटे करावे लागते. त्याला एका मोलमागे सुमारे ५१ किलोज्यूल लागतात. वितळवायला लागतात फक्त ६. म्हणजे पाणी झाले तरी बहुतेक ओढ शाबूत असते. पाण्यातही रेणू एकमेकांना धरून असतात. फक्त हात सारखे बदलत असतात, सेकंदाच्या एक लक्ष-कोटीव्या भागाच्या हिशेबाने. जाळी मोडते, गर्दी राहते.

मग रेणू एवढा खर्च करून जाळी सोडतातच कशाला? याचे उत्तर ओढीत नाही, संख्येत आहे, आणि ते बोल्ट्झमनने दिले. बर्फात रेणूला एकच ठरलेली जागा. पाण्यात असंख्य रचना शक्य. अप्रकट उष्म्याला निरपेक्ष तापमानाने भागले आणि बोल्ट्झमनचा नियम लावला, तर उत्तर येते की पाण्यात प्रत्येक रेणूमागे शक्य रचना सुमारे चौदा पट वाढतात. एका थेंबातल्या प्रत्येक रेणूसाठी चौदाला पुन्हा चौदाने गुणत जावे, इतकी ही वाढ प्रचंड. शून्याखाली ओढीचे पारडे जड, शून्यावर रचनांचे. नेमक्या शून्यावर दोन्ही समतोल, त्यामुळे बर्फाच्या कडेवरून जितके रेणू सुटतात तितकेच परत चिकटतात, आणि बाहेरून येणारी थोडीशी उष्णता हा तोल पाण्याकडे झुकवते. (बर्फही पुरता शिस्तीचा नाही. हायड्रोजन कोणत्या बाजूला बसावे याला तिथेही मोकळीक असते, आणि तिचा हिशेब लायनस पॉलिंगने १९३५ मध्ये केला: प्रत्येक रेणूमागे दीडपट.)

बर्फाच्या पृष्ठभागावर हा तोल आधीच बिघडलेला असतो. आतल्या रेणूला चार शेजारी. अगदी वरच्या थरातल्याला एखादा कमी. त्यांची पकड सैल, म्हणून शून्याच्या खालीच वरचे काही थर द्रवासारखे अस्ताव्यस्त होतात. १८५० मध्ये मायकेल फॅरडेने रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या व्याख्यानात बर्फाचे दोन तुकडे स्पर्शाने सांधतात हे दाखवून असा पातळ ओला थर असल्याचे म्हटले होते. जेम्स थॉमसनने ते नाकारून सारे श्रेय दाबाला दिले. दाबाचे भाकीत अचूक करणारा हा माणूस इथे चुकला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या उपकरणांनी तो थर प्रत्यक्ष दाखवला.

याच सैल थरामुळे बर्फ निसरडा असतो. आणि निसरडा असल्यामुळेच डेव्हीचे दोन तुकडे एकमेकांवरून जवळजवळ फुकट घसरत राहिले. यंत्राने बर्फात ऊर्जा अशी घातलीच नाही. तारा आणि दांड्या उबदार होत्या, हवा उबदार होती, आणि बर्फ वितळत होता.